दुनळी आणि तिचं तेल

सदर इसम हा एका खासगी सुरक्षा संस्थेच्या आस्थापनेवरील सशस्त्र रक्षक (श्रेणी प्रथम) असून त्याची नेमणूक बँकेच्या एका शाखेच्या मुख्य प्रवेशद्वारी, काचेच्या दरवाजाच्या डाव्या अंगास करण्यात आलेली आहे. बांधा मध्यम, कमरेपाशी विस्तारलेला. मिशा आहेत. ओळखीची खूण: गणवेशाच्या उजव्या खांद्यावर तेलाचा डाग, धुऊन न जाणारा. शस्त्र: बारा बोअरची दुनळी बंदूक, मालकी संस्थेची, ताबा इसमाचा. वर्तणूक समाधानकारक. शस्त्राची निगा अत्युत्कृष्ट.

हा शेवटचा शब्द इसमाने स्वतः सांगून लिहवून घेतला होता. कारकुनाने आधी नुसतं ‘बरी’ लिहिलं होतं.

लोक त्यांना कॅप्टन म्हणत. सैन्याशी त्यांचा संबंध एवढाच, की तरुणपणी ते भरतीच्या रांगेत उभे राहिले होते आणि छाती मोजणाऱ्याने फीत गुंडाळून खिशात टाकली होती. मग ते एका सूतगिरणीच्या गोदामात लागले. गिरणीला टाळं लागल्यावर ह्या संस्थेत आले, आणि पहिल्याच आठवड्यात बँकेच्या शिपायाने दात कोरत विचारलं, “काय कॅप्टन, लढाई कुठवर आली?” टोमणा होता. कॅप्टननी तो बढती म्हणून स्वीकारला.

जगाकडे तुच्छतेने पाहायचं तर माणसाला थोडी उंची लागते. कॅप्टनना ती बँकेच्या पायऱ्यांनी दिली होती. वरच्या पायरीवर लाकडी स्टूल टाकून, बंदूक गुडघ्यांच्या मध्ये उभी धरून ते बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टाळूंचं निरीक्षण करत. मॅनेजर त्यांच्या मते भित्रा होता. आत शिरताना तो कॅप्टनकडे न पाहता बंदुकीकडे पाहून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचा. कॅशियर बाई उद्धट. शिपाई म्हणजे शिपाई, त्याच्याबद्दल मत करून घेणं हाही वेळेचा अपव्यय. आणि ग्राहक ही तर सर्वांत खालची जात, कारण त्यांच्यातला दर दुसरा माणूस सरळ कॅप्टनपाशी येऊन विचारायचा, “पेन आहे का हो?”

“हातात काय दिसतंय?” कॅप्टन विचारत.

“बंदूक.”

“मग पेन कसं मागता?”

“खिशात असेल म्हणून,” ग्राहक म्हणायचा आणि बरेचदा ते खिशात असायचंच.

ही सगळी अवहेलना ज्या एका गोष्टीच्या जोरावर ते सोसत होते ती म्हणजे शनिवार दुपार. शटर अर्धं खाली आलं की कॅप्टन मागच्या खोलीत शिरत. खोली मोडक्या खुर्च्यांची, बंद पडलेल्या कॉम्प्युटरची आणि चहाच्या किटलीची. टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं जाई, त्यावर जोडाची लांब सळई, पितळी तारांचा ब्रश, लोकरीचा बोळा, फ्लॅनेलच्या चिंध्या आणि लांब चोचीची तेलाची कुपी मांडली जाई. चिंध्या बायकोच्या जुन्या गाउनच्या असत. गाउन जुना झाला आहे हे कॅप्टन ठरवत.

बंदूक साफ करणं हे मुळात भांडी घासण्याइतकंच साधं काम आहे. फरक एवढाच, की भांडं भरलेलं असलं तर कुणी मरत नाही. म्हणून आधी बंदूक उघडून दोन्ही घरांत काडतूस नाही ना हे डोळ्यांनी पाहायचं आणि बोटाने चाचपायचं. मग नळ्या लाकडी दस्त्यापासून सोडवायच्या. सळईला चिंधी लावून ती काडतुसाच्या बाजूने घालायची, नळीच्या तोंडातून बाहेर काढायची. मग ब्रश, मग पुन्हा चिंध्या, पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत. तेल सगळ्यांत शेवटी, बिजागरीला एक थेंब आणि बाकी लोखंडाला एक पातळ हात, इतका पातळ की पुसून घेतल्यावर ‘लावलं होतं का?’ अशी शंका यावी. आणि ठेवताना तोंड खाली करून ठेवायची, म्हणजे जे काही जास्तीचं तेल असेल ते नळीतून बाहेर येईल, उलटं लाकडात उतरणार नाही. हे सगळं संस्थेच्या एका छापील पत्रकात होतं. मागच्या खोलीतलं टेबल एका पायाने डुगडुगत असे. पत्रक घडी करून त्या पायाखाली घातलेलं होतं.

कॅप्टनना पत्रकाची गरज नव्हती. त्यांच्याजवळ सिद्धान्त होता. माणसाला रक्त तसं बंदुकीला तेल, असा तो सिद्धान्त. रक्त कुणी थेंबाने मोजतं का? ते कुपी उपडी करत. नळ्यांत तेल, घोड्यांत तेल, बिजागरीत तेल, जिथे फट दिसेल तिथे तेल. मग बंदूक जोडून ती दस्त्यावर ताठ उभी केली जाई, तोंड छताकडे. तोंड खाली करून ठेवलेली बंदूक त्यांना शरण आलेल्या माणसासारखी दिसायची, आणि कॅप्टनच्या ताब्यातली कोणतीही वस्तू शरण जाणार नव्हती.

अशा रीतीने वर्षानुवर्षं ते तेल रात्रंदिवस नळ्यांतून खाली झिरपत आलं होतं. लोखंड जिथे लाकडाला भेटतं तिथे दस्त्याची मान काळीभोर झाली होती. कॅप्टन त्या काळेपणावरून अंगठा फिरवत आणि शिपायाला सांगत, “हा रंग पाहिलास? हा दुकानात मिळत नाही. हा मुरावा लागतो.”

“लोणच्यासारखा,” शिपाई म्हणायचा.

वर्षातून एकदा बंदूक झाडून पाहायची असा नियम होता. पण गोळीबाराचं मैदान शहराबाहेर, तिथे जायला बस बदलावी लागे, आणि तपासनीसाच्या पायाला नेहमी काहीतरी झालेलं असे. तेव्हा तो बँकेतच येई, चहा पिई, चकचकीत बंदूक पाहून ‘वा!’ म्हणे आणि बंदूक झाडली गेली असं उभयपक्षी गृहीत धरलं जाई.

हे असंच चालायचं. पण कॅप्टनचं वय झालं. महिनाअखेरीला गणवेश उतरवून घरी बसायचं, असं संस्थेने कळवलं. घरी बायको होती. ह्या विचाराने कॅप्टनची झोप उडाली असतानाच दुसरी बातमी आली. मैदानावर संस्था प्रशिक्षण केंद्र काढत होती आणि नवशिक्यांना बंदुकीची निगा शिकवायला एक प्रशिक्षक हवा होता. बाहीवर लाल पट्टी, गळ्यात शिट्टी, वयाची अट नाही. इच्छुकाने एक कोरा उमेदवार तयार करून आणायचा आणि परीक्षकांसमोर स्वतः गोळीबाराचं प्रात्यक्षिक द्यायचं, एवढीच परीक्षा.

कॅप्टननी शिट्टी तेवढ्यात विकत घेतली सुद्धा.

प्रश्न कोऱ्या उमेदवाराचा होता. तो त्यांच्याच बैठकीच्या खोलीत, सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाईलवर मासे पकडत बसलेला होता. जावई. नळ आणि तोट्यांचं दुकान बंद पडल्यापासून तो सहकुटुंब सासऱ्याकडे ‘चार दिवस’ राहायला आला होता, आणि ते चार दिवस संपायचं नाव घेत नव्हते.

“बाबा, ह्यांना न्या ना,” मुलगी म्हणाली. “परीक्षेत पास झाले तर रक्षकाची नोकरी पक्की आहे म्हणे.”

“ह्यांना काय येतं?”

“काही येत नाही. तुम्हाला कोराच हवाय ना?”

“कोरा म्हटलं होतं मी. रिकामा नव्हे.”

“मला न्या,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “निदान त्या बंदुकीचं एवढं कौतुक काय आहे ते तरी बघू दे. दर शनिवारी तिला तेल. माझ्या डोक्याला कधी थेंब लावलात?”

“तुझं डोकं गंजत नाही.”

“गंजलंच होतं. म्हणून तर तुम्हाला हो म्हटलं.”

जावयाने मोबाईलवरून मान वर न करता विचारलं, “बाबा, त्या नोकरीत बसायला मिळतं का?”

“स्टूल असतं,” कॅप्टन दातओठ खात म्हणाले.

“पाठ टेकायला?”

जावयाला शिवी देता येत नाही ही नातेसंबंधांतली फार मोठी गैरसोय आहे. मुलगा असता तर कॅप्टननी त्याचा केव्हाच उद्धार केला असता. शिवाय इथे नुसतं नातं नव्हतं. लाल पट्टी ह्याच प्राण्याच्या हातात होती. हा नापास म्हणजे आपण घरी. म्हणून पुढच्या शनिवारी मॅनेजरची परवानगी काढून त्यांनी जावयाला मागच्या खोलीत आणलं आणि शक्य तितक्या आदराने त्याचा अपमान करायला सुरुवात केली.

“जावईबापू, पहिली गोष्ट. बंदूक हातात घेतली की काय करायचं?”

“तोंड दुसरीकडे करायचं.”

“बंदुकीचं की स्वतःचं?”

“दोन्ही.”

“उघडा. हा खटका बाजूला. हं. आत काय दिसतं?”

जावयाने रिकाम्या नळ्यांना डोळा लावला. “आरपार दिसतंय, बाबा. शिपाई झोपलाय.”

“शिपाई सोडा. नळीच्या भिंती बघा. घाण दिसते का?”

“दिसत नाही. सगळं चमचमतंय. आत पाणी राहिलंय का?”

“ते तेल आहे, जावईबापू.”

“इतकं?” जावयाने सळईला चिंधी गुंडाळली आणि आत घातली. दुसऱ्या टोकाने ती निथळत बाहेर आली, वर्तमानपत्रावरच्या एका पुढाऱ्याच्या चेहऱ्यावर पडली आणि पुढारी पारदर्शक झाला. “आमच्या दुकानात आम्ही गिऱ्हाइकाला सांगायचो, पाईप आतून कोरडा असला की कटकट नाही.”

“तुमचं दुकान बंद पडलं, जावईबापू.”

“हो, पण पाईपांची तक्रार नव्हती.”

ह्यात काही शहाणपण होतं असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. जावई आळशी होता. ब्रश तो दोनदा फिरवी आणि हात दुखतो म्हणे. नळी कोरडी होईपर्यंत पुसत राही, कारण ते बसून करता येत होतं. आणि तेलाच्या बाबतीत, कुपी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला असे. तिच्यापर्यंत पोहोचायला उठावं लागे, म्हणून बोटाला लागलेलं होतं तेवढंच तो लोखंडाला फासून मोकळा होई. कष्टाचा इतका तिटकारा असलेला माणूस कॅप्टननी पाहिला नव्हता. सकाळी आरशात पाहिलेला सोडून, असं बायको म्हणाली असती.

“थेंब काय लावताय? अत्तर आहे का हे?”

“बाबा, गळतंय की आधीच.”

“गळू दे! गळलं पाहिजे! गळतंय म्हणजे आत आहे!”

बोलता बोलता कॅप्टनचा आवाज चढे. मग नातं आठवून ते एकदम खोलीबाहेर जात आणि व्हरांड्यात शिपायाला गाठत. “गाढवा! निर्बुद्ध! तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का?”

“मी काय केलं?” शिपाई डोळे चोळत विचारी.

“तू काही केलं नाहीस. तू जावई नाहीस, एवढंच.” आणि मोकळे होऊन ते परत आत येत. “हं, जावईबापू. बोळा घ्या बरं हातात.”

असे काही शनिवार गेले. जावई त्याच्या गतीने सगळं शिकला. बंदूक उघडायची, पाहायची, चाचपायची हे त्याच्या अंगवळणी पडलं, कारण आपल्याच हाताने मरण्याची त्याला मनापासून भीती वाटत होती. नळ्या सोडवणं-जोडणं त्याला पटकन येऊ लागलं. सांधे जोडण्यातच त्याची जवानी गेली होती. कॅप्टनना मात्र ह्यात फक्त एकच गोष्ट दिसत होती: तेल कमी पडतंय. परीक्षकांसमोर हा माणूस कोरडी बंदूक ठेवणार आणि आपलं नाक कापणार. जावई घरी गेला की ते मागे राहून बंदुकीला ‘नीट’ तेल पाजत आणि ताठ उभी करून ठेवत.

परीक्षेच्या सकाळी सासरा-जावई बस बदलून मैदानावर पोहोचले. मैदान म्हणजे गवताचा उतार, टोकाला मातीचा बांध, अलीकडे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये लांब टेबल. बंदूक पेटीत होती. पेटीच्या कोपऱ्यातून तेल पाझरून जावयाच्या पँटीवर नकाशा उमटला होता. बसमध्ये शेजारच्या बाईने आपलं पोर उचलून मांडीच्या दुसऱ्या बाजूला बसवलं होतं.

परीक्षक बाई निघाली. हे कॅप्टनना कुणी सांगितलं नव्हतं. बुटकी, चष्मा दोरीने गळ्यात, समोर जेवणाचा डबा, आणि तो केव्हा उघडता येईल एवढीच चिंता चेहऱ्यावर. कॅप्टननी तिला एका नजरेत वरून खाली मोजलं आणि जावयाच्या कानात म्हणाले, “घाबरू नका. हिला काय कळतंय?”

“मी कुठे घाबरलोय? तुम्हीच शिट्टी चावताय.”

“उमेदवाराने बंदूक साफ करावी,” बाई म्हणाल्या. “कुणी मधे बोलू नये.”

जावयाने बंदूक पेटीतून काढली. तोंड बांधाकडे धरलं, उघडली, पाहिलं, चाचपलं. नळ्या सुट्या केल्या. चिंधी घातली, ती ठिबकत बाहेर आली. दुसरी घातली, तीही ठिबकत आली. बाईंनी डब्यावरची नजर काढून चिंध्यांवर ठेवली. जावई खुर्चीवर बूड टेकवून पुसत होता, पुसत होता, आणि टेबलाखाली ओल्या चिंध्यांचा ढीग वाढत होता. शेवटी नळ्या कोरड्या झाल्या. मग त्याने कुपीकडे पाहिलं, अंतराचा अंदाज घेतला, बोटावर होतं तेवढं बिजागरीला लावलं आणि म्हणाला, “झालं, मॅडम.”

कॅप्टनना ते सहन झालं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे लाल पट्टी कुणा दुसऱ्याच्या बाहीवर चढली. ते टेबलाला वळसा घालून पुढे झाले.

“मॅडम, माफ करा, हा अजून शिकतोय. तेल राहिलंय.” आणि त्यांनी कुपी उचलून भर शेडमध्ये बंदुकीवर उपडी केली. नळ्यांत, घोड्यांत, फटींत. “असं! असं लावतात!”

जावई खुर्ची थोडी मागे सरकवून बसला.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. दस्ता जवळ ओढून त्याच्या काळ्या मानेवर अंगठा दाबला, अंगठ्याचा वास घेतला. “ही बंदूक कुणाच्या देखरेखीखाली असते?”

कॅप्टनची छाती भरतीच्या दिवशी हवी होती तेवढी त्या क्षणी झाली. “माझ्या, मॅडम. पहिल्यापासून. दुसऱ्या कुणाचा हात नाही तिला.”

“तेल असंच लावता?”

“दर शनिवारी. हात सैल सोडून.”

“आणि ठेवता कशी?”

“ताठ. तोंड आभाळाकडे.” ते जरा झुकले. “ह्या लाकडाला जो रंग चढलाय ना मॅडम, तो विकत मिळत नाही.”

“नाही मिळत,” बाई म्हणाल्या. अंगठा रुमालाला पुसत त्यांनी शेडच्या भिंतीकडे बोट केलं. “गोळीबारासाठी ती केंद्राची बंदूक घ्या. ही नको.”

हा प्रस्ताव कॅप्टननी अशा नजरेने ऐकला, जणू भर मंडपात कुणी ‘नवरी बदलून घ्या’ म्हणालं. केंद्राची बंदूक भिंतीशी तोंड खाली करून ठेवलेली होती. मेलेली. कळाहीन. फिकट लाकडाची.

“मॅडम, प्रात्यक्षिक द्यायचंय ना मला? मी माझ्याच बंदुकीवर देणार. ह्या बंदुकीवर विश्वास नसेल तर माझ्यावर नाही, असं होतं ते.”

बाईंनी डब्याकडे पाहिलं. ऊन वर आलं होतं. “दस्ता मऊ लागतोय मला.”

“मऊ?” कॅप्टन हसले. बायकांना काय लागेल आणि काय नाही, अशा अर्थाचं ते हसू होतं.

“लिहून घेते, मी नको म्हटलं होतं,” बाई म्हणाल्या. “डोळ्यांचा चष्मा लावा. कानांवर ती झाकणं लावा. आधी नळ्या पुसा.”

नळ्यांवरून कॅप्टननी एक चिंधी अशी फिरवली, की चिंधीलाही वाईट वाटू नये आणि तेलालाही. मग बंदूक जोडून ते गोळीबाराच्या रेषेवर उभे राहिले. जावई शेडच्या खांबाआड गेला. त्याला जाताना पाहून कॅप्टनच्या मनात त्या पिढीबद्दल जे आलं ते त्यांनी गिळलं. काडतूस भरलं, बंदूक खांद्याला लावली, समोरच्या फळीवरचं वर्तुळ धरलं. आपण ही बंदूक आजवर एकदाही झाडलेली नाही हे त्यांना त्या वेळी प्रथमच आठवलं. पण इतक्या उशिरा आठवलेली गोष्ट विसरणंच सोयीचं असतं.

घोडा ओढला. आतून एक बारीक, चिकट ‘टिक्’ आली. बाकी काही नाही.

“तशीच धरा. हलवू नका,” बाई मागून म्हणाल्या. बार उशिरा उडेल की काय म्हणून थोडं थांबून मग त्यांनी काडतूस काढायला लावलं. त्याच्या बुडावर बार उडवणाऱ्या पिनेचा ठसा पडायचा तो नुसता खरचटल्यासारखा उमटला होता. वर्षानुवर्षांचं तेल आत गोठून चिकट झालं होतं आणि पिनेला त्यातून पोहत यावं लागत होतं. “पुरे आता,” त्या म्हणाल्या.

“एक नळी रुसली मॅडम. दुसरी आहे की!” आणि त्या दुसरं काही बोलायच्या आत कॅप्टननी दुसरं काडतूस भरून दुसरा घोडा ओढला.

ही नळी रुसली नाही. मोठा आवाज झाला, पांढऱ्या धुराचा लोट उठला, गरम तेलाचे थेंब कॅप्टनच्या मिशांवर उडाले, आणि त्याच वेळी त्यांच्या हातात काहीतरी ‘फस्’ झालं. लाकूड मोडताना कडकन आवाज यायला हवा. आला नाही. धूर विरला तेव्हा नळ्या कॅप्टनच्या डाव्या हातात होत्या, दस्ता उजव्या काखेत होता, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. मान जिथे मोडली तिथलं लाकूड चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. समोरच्या फळीला ओरखडाही नव्हता. छर्रे बांधाच्या वरून कुठेतरी गवतात गेले होते.

“बाबा, लागलं का?” जावई खांबाआडून म्हणाला.

“लाकडात दोष होता,” कॅप्टन म्हणाले. अंगठ्याच्या बेचक्यातून रक्त येत होतं, त्यांनी मूठ मिटून घेतली.

बाईंनी मोडलेला दस्ता उचलून दोन बोटांनी दाबला. तेल टपकून त्यांच्या बुटावर पडलं. “लाकडात तेल होतं,” त्या म्हणाल्या. “दोष बाहेर होता.”

मग त्यांनी जावयाला केंद्राची बंदूक दिली. त्याने उघडली, पाहिलं, चाचपलं; साफ करून भरली आणि खांदा दुखेल ह्या भीतीने डोळे बारीक करून झाडली. फळीच्या एका कोपऱ्याला भोकं पडली. बाईंनी तेवढ्यावर समाधान मानलं. डबा उघडत त्या म्हणाल्या, “तुम्ही पास. बँकेच्या दारावर महिन्याच्या पहिल्या तारखेपासून.”

“ह्यांच्याच जागेवर?” जावयाने विचारलं.

“हो. स्टूल आहे तिथे.”

“कळलंय,” जावई म्हणाला.

कॅप्टन टेबलापाशी उभे होते. शिट्टी गळ्यात होती. बाईंचा पहिला घास होईपर्यंत ते थांबले. “आणि मॅडम, माझं?”

“तुमची बंदूक आम्ही ठेवून घेतोय.”

“बंदूक नाही. मी.”

बाईंनी विचार केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तरी कॅप्टनना बरं वाटलं असतं. “तुम्ही बसने जाऊ शकता. जावई आहेतच सोबतीला.”

परतताना बसमध्ये जागा मिळाली. जावई खिडकीशी बसला. त्याने खिडकीची काच वर सरकवली. मग जावयाने विचारलं, “बाबा, त्या स्टुलाला मागून एखादी फळी ठोकली तर चालते का हो? पाठीला?”

“तुम्हाला शिवी देऊ का, जावईबापू?” कॅप्टननी शांतपणे विचारलं.

“द्या ना. आता काय हरकत आहे.”

पण आता एकही आठवेना. शिपाई हवा होता.

घरी बायकोने हाताला पट्टी बांधली. काय झालं ते तिने मुलीकडून ऐकलं होतं, मुलीने जावयाकडून. कॅप्टननीच सुरुवात केली, “त्या बाईला बंदुकीतलं काही कळत नव्हतं.”

“नसेल.”

“लाकूड जुनं झालं होतं.”

“झालंच असेल.” तिने गाठ मारली, जरा घट्टच. “माझ्या जुन्या गाउनचं कापड मागत होते ना मी, ओटा पुसायला? आता शनिवारी मिळेल मला?”

महिनाअखेरीला संस्थेचं परिपत्रक निघालं. सदर दुनळी बंदूक मोडलेल्या अवस्थेत आहे तशी प्रशिक्षण केंद्राकडे वर्ग करण्यात येत असून, नवशिक्या उमेदवारांना शस्त्राच्या सफाई व तेलपाण्याचा पहिला पाठ तिच्याच साहाय्याने देण्यात यावा. तिचा उपयोग कायमस्वरूपी राहील व तिची जागा दर्शनी भिंतीवर, तोंड खाली करून, निश्चित करण्यात आलेली आहे. ह्या व्यवस्थेमुळे केंद्रासाठी स्वतंत्र प्रशिक्षक नेमण्याची आवश्यकता उरलेली नाही.

कॅप्टन घरी असतात.